निदानाआधीचा रुग्ण : पुण्यातील आपत्कालीन विभागातल्या पोस्टिंगचे परीक्षण

पुण्यातील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मी इंटर्नशिपची सक्तीची पोस्टिंग केली आणि पुढे ऐच्छिक पोस्टिंगची वेळ आली तेव्हा तोच विभाग पुन्हा मागून घेतला. आता नंतरच्या बॅचची मुले-मुली आपापले अर्ज भरू लागली आहेत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला आहे: हा विभाग घ्यावा का, आणि घेतला तर पदरात काय पडते? माझे उत्तर असे, की घ्यावा, अवश्य घ्यावा. मात्र तिथे रोज किती रुग्ण येतात एवढेच पाहून घेऊ नये. निदान ठरण्याआधी रुग्ण विद्यार्थ्याच्या हाती देण्याची रीत त्या विभागात आहे का, या एका गोष्टीवर पोस्टिंगची सारी किंमत ठरते. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा शहरातल्या इतर विभागांबद्दलही मित्रमैत्रिणींकडून मी ऐकलेल्या आहेत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकाला १२ आठवडे, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६ आठवडे आणि आपत्कालीन विभागाला २ आठवडे मिळतात. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून भारतीय वैद्यकीय परिषदेने २००९ साली मान्य केली. त्याआधी रुग्णालयात जी असे ती ‘कॅज्युअल्टी’. तिथला सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) केस पेपर काढून द्यायचा, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या प्रकरणाची, नोंद करायचा आणि रुग्ण मेडिसिनचा की सर्जरीचा हे ठरवून संबंधित रेसिडेंटला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला, फोन लावायचा. आजही बऱ्याच ठिकाणी नवी पाटी लागली असली तरी काम त्याच जुन्या पद्धतीने चालते. मी जिथे होते तो विभाग या दोन्हींच्या मधल्या टप्प्यावर आहे. तिथे या शाखेचे स्वतःचे कन्सल्टंट आणि एमडीचे रेसिडेंट आहेत, रुग्ण शिरताक्षणी तातडीनुसार लाल (सर्वांत गंभीर), पिवळा किंवा हिरवा (सौम्य) रंग देणारी ट्रायेजची परिचारिका आहे, आणि लाल विभागात रुग्णाला स्थिर केल्याशिवाय वर हलवायचे नाही असा दंडक आहे. पण गर्दीच्या संध्याकाळी हाच विभाग पुन्हा जुनी कॅज्युअल्टी होऊन बसतो आणि विद्यार्थ्याच्या हाती केस पेपर तेवढे उरतात.

वॉर्डात आपण जो रुग्ण पाहतो तो नाव लागलेला असतो. खाटेपाशी पोचण्याआधीच ‘ही सिऱ्होसिसची केस’, ‘हा मायट्रल स्टेनोसिस’ असे कुणीतरी सांगून टाकते, आणि मग आपण ती चिन्हे शोधतो आणि ती सापडतातही. आपत्कालीन विभागात रुग्ण ‘दम लागतोय’, ‘गरगरतंय’, ‘अंगातलं त्राण गेलंय’ एवढेच घेऊन येतो. हे बोलणे आणि नेमका आजार यांच्यामध्ये जी पहिली दहा मिनिटे असतात, ती एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत विद्यार्थ्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाहीत. या विभागातल्या एका वरिष्ठ मॅडमची शिस्त अशी, की पिवळ्या विभागातला रुग्ण आधी इंटर्नने पाहायचा आणि त्यांना येऊन तीनच गोष्टी सांगायच्या: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण यांपैकी कशाला धोका आहे, या तक्रारीमागे असू शकणारा सर्वांत घातक आजार कोणता, आणि तो नाही हे कशावरून म्हणता. ‘बहुधा गॅस्ट्रायटिस असावा, मॅडम’ असे म्हटले, की त्या पेन खाली ठेवून पुन्हा विचारत, ‘बहुधा काय आहे ते मी नाही विचारलं. काय निसटलं तर या बाई उद्या सकाळी नसतील, ते सांगा.’ या एका प्रश्नाने माझी विचार करण्याची पद्धत बदलली, आणि या परीक्षणात मी जे काही चांगले लिहिणार आहे त्यातले निम्मे श्रेय त्या प्रश्नाचे आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगते. भोरकडच्या साठीच्या एक बाई दुपारी चालत आल्या. सोबत सून होती. तक्रार पित्ताची, आणि हातात मेडिकलमधून आणलेली अँटासिडची अर्धी बाटली. हिरव्या विभागात बसवण्यासारखेच सगळे दिसत होते. ‘मावशी, छातीत दुखतंय का?’ असे विचारले तर म्हणाल्या, ‘छातीत न्हाय गं पोरी, हितं जळतंय, आन् मळमळतंय सकाळधरनं.’ पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि लुगड्याचा पदर गळ्याशी ओला झाला होता. छातीचे, किंवा बेंबीच्या वरचे कोणतेही दुखणे सांगणाऱ्या प्रौढ माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे, हा विभागाचा नियम, आणि तो पाळला गेला. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे खालच्या बाजूने पाहणाऱ्या आलेखांत, एसटी हा भाग वर गेलेला होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. मॅडमनी लगेच उजव्या बाजूच्या लीड लावायला सांगितल्या आणि त्यांतल्या व्ही-फोर-आरमध्येही तेच दिसले, म्हणजे हृदयाचा उजवा कप्पाही दुखावला होता. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ट्रॉलीवर तयार होती. ती बाजूला ठेवली गेली, कारण उजवा कप्पा दुखावलेला असताना ते औषध हृदयाकडे परतणारे रक्त कमी करते आणि रक्तदाब एकदम कोसळतो. त्याऐवजी सलाईन सुरू झाले आणि कॅथ लॅबला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढतात त्या कक्षाला, फोन गेला. हे सारे पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आहे आणि परीक्षेसाठी ते आम्ही सगळ्यांनी पाठ केलेले होते. पण ‘पित्त’ या तक्रारीपासून त्या परिच्छेदापर्यंतचा रस्ता कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो, आणि तो इथे पायाखालून जातो.

शहराच्या भूगोलाचा विद्यार्थ्याला मोठा फायदा आहे, आणि तो इथल्या शिक्षकांनी ओळखलेला आहे. एका बाजूला आयटी पार्क आणि बारा मजली सोसायट्या, तर तासा-दीड तासाच्या अंतरावर मुळशी, मावळ, भोर, पुरंदरची भातखाचरे आणि शेते. त्यामुळे एकाच पाळीत हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा असे सगळे समोर येते. पावसाळ्यातल्या पोस्टिंगमध्ये सर्पदंश हा खरा शिकवणारा विषय ठरतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे दिले जाते, हे माहीत असते. पण घोणस-फुरशाच्या दंशात ते कधी सुरू करायचे, हे मुख्यतः वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर ठरते आणि ती चाचणी इंटर्नच्या हातात असते. नसेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे अजिबात हलवायची नाही, आणि मग एकदाच कलती करून पाहायचे. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि नको त्याला प्रतिविष दिले जाते. विभागात या नळ्या वेगळ्या डब्यात, वर तारीख लिहून ठेवलेल्या असतात आणि त्या डब्याला कुणी उगाच हात लावलेला सिस्टरना खपत नाही. मण्याराबद्दल तर मी आजन्म सावध राहीन. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, दाताची खूण शोधूनही सापडत नाही, आणि पहाटे रुग्ण पोट दुखते म्हणून किंवा पापण्या उचलत नाहीत म्हणून येतो. ‘साप पाहिला का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून तो विचार सोडून द्यायचा नाही, हे आम्हाला बजावून सांगितले गेले.

कीटकनाशकाच्या विषबाधेत विद्यार्थ्याला जे काम दिले जाते ते वरवर अगदी कंटाळवाणे वाटते. अंगावरचे कपडे काढून रुग्णाला धुऊन घेतल्यावर अ‍ॅट्रोपिन हे विषावरचे औषध सुरू होते, आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून, नाडी मोजून, रक्तदाब पाहून कागदावर लिहीत बसायचे. छातीतली घरघर थांबलेली नसेल तर पुढचा डोस आधीच्या दुप्पट. माझ्या बरोबरच्या काहींनी हे काम टाळले. मी म्हणेन, की मागून घ्यावे. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून औषध पुरेसे झाले असे समजायचे नाही, छाती कोरडी झाली की समजायचे, हे पाचव्या-सहाव्या वेळी स्टेथोस्कोप लावताना स्वतःच्या कानाला कळते, आणि एकदा कानाला कळलेले विसरता येत नाही.

अपघातांविषयी वेगळे सांगायची गरज नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि शहरातल्या दुचाक्या यांनी या विभागाला कधी रिकामे राहू दिलेले नाही. इथे विद्यार्थ्याला सहसा मान धरायला उभे करतात. रुग्णाच्या डोक्याशी उभे राहून दोन्ही हातांनी डोके आणि मान एका रेषेत धरायची आणि एका कुशीवर वळवताना मोजणी आपण करायची, इतरांनी त्या मोजणीवर हलायचे. काम साधे दिसते. पण डोक्याशी उभे राहिल्यामुळे पूर्ण प्राथमिक तपासणी समोर क्रमाने घडताना दिसते, कोण काय आणि कशानंतर करतो हे कळते, आणि त्या गोंगाटात नेतृत्व करणारा रेसिडेंट आवाज न चढवता सूचना कशा देतो हेही कळते. पोटातला रक्तस्राव शोधण्यासाठी केली जाणारी झटपट सोनोग्राफी मात्र आपल्याला बघूनच शिकावी लागते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे यंत्र कोण हाताळू शकते यावर कडक निर्बंध आहेत, आणि विभाग ते पाळतो. ज्यांना सोनोग्राफी हातात घेण्याची आशा आहे त्यांनी ती बाळगू नये. पडद्यावर यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये दिसणारी काळी पट्टी ओळखता येऊ लागली तरी पुरेसे झाले असे मी म्हणेन.

हाताला काय मिळते, हा प्रश्न सगळेच विचारतात. इंट्राकॅथ (शिरेतली नळी) लावणे, धमनीतले रक्त काढणे, युरिनरी कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), जखमा धुणे आणि टाके घालणे हे भरपूर मिळते. श्वासनलिकेत नळी घालण्याची संधी क्वचित मिळते आणि ती क्वचितच मिळावी असे माझे मत आहे, कारण रंग काळवंडलेला रुग्ण ही शिकण्याची जागा होऊ शकत नाही. त्यासाठी भूलशास्त्राची पोस्टिंग आहे आणि तीच आधी करून यावे. अ‍ॅम्बू बॅग आणि मास्कने हवा देणे मात्र इथे नीट शिकवतात. दोघांनी मिळून, एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरून आणि दुसऱ्याने पिशवी दाबून छाती उचलली जाते की नाही ते पाहायचे. छातीवर दाब देण्याचा सराव आठवड्यातून एकदा पुतळ्यावर होतो आणि या सत्रासाठी मी विभागाला पूर्ण गुण देईन. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शेवटचा भाग जवळजवळ प्रत्येकजण विसरतो आणि थकलेला माणूस तर छातीवर रेलतोच. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि आपण थकलो हे सांगण्यात कमीपणा नाही, हे इथे ओरडून नव्हे तर घड्याळ लावून शिकवतात.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार धावपळीची आहे. रक्ताचे नमुने लॅबला पोचवणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, ट्रॉलीबरोबर सीटीला जाणे, रिपोर्टसाठी खिडकीशी उभे राहणे, हे सारे इंटर्नच्या माथी येते. मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, कमी पडतात, हे खरे आहे, आणि रुग्णासाठी रक्ताची पिशवी आणायला कुणीही ना म्हणू नये. परंतु ज्या संध्याकाळी मी सर्वांत जास्त चालले त्या संध्याकाळी मी सर्वांत कमी रुग्ण पाहिले. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये अशा चार संध्याकाळी गेल्या तर उरते काय? आयोगाच्या नियमात इंटर्नने काय शिकावे याची यादी आहे. तिच्यात खिडकीशी उभे राहणे कुठेही नाही. विभागप्रमुखांपर्यंत ही गोष्ट आम्ही लेखी पोचवली, आणि पाळीतल्या एका इंटर्नला फक्त रुग्ण पाहण्यासाठी मोकळे ठेवण्याचा प्रयोग काही काळ झाला. तो प्रयोग चालू राहिला असता तर हे परीक्षण अधिक उजळ झाले असते.

दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. रुग्ण वर आयसीयूत किंवा वॉर्डात गेला, की विद्यार्थ्यापुरता तो संपतो. आपण ज्याला पक्षाघात समजलो त्याला खरोखर पक्षाघातच होता का, की साखर उतरली होती. आपण घरी पाठवलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी परत आला का. हे कळण्याची कोणतीही सोय नाही. निदानाच्या आधी विचार करायला शिकवणाऱ्या विभागाने नंतर निदान काय ठरले हे विद्यार्थ्याला कळवलेच पाहिजे, नाहीतर चुकीचा अंदाजही अनुभव म्हणून मनात घट्ट बसतो. यावर पैसे लागत नाहीत. पाळी बदलताना होणाऱ्या हस्तांतरणात कालच्या तीन रुग्णांचे पुढे काय झाले एवढे जरी वाचून दाखवले तरी पुरेल. मी स्वतः वहीत नोंदणी क्रमांक लिहून ठेवत असे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊन येत असे. रेसिडेंट मंडळींनी कधी हाकलले नाही, उलट खुर्ची देऊन सांगितले. पण एखाद्याच्या चिकाटीवर शिक्षण सोडून देणे योग्य नव्हे.

लॉगबुकाचे, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीचे, काय होते ते सर्वांना माहीत आहे: अखेरच्या दिवशी सगळी पाने एकदम पुढे सरकवली जातात आणि सह्या होतात. मुलींसाठी विश्रांतीची वेगळी खोली आहे पण तिला आतून कडी नीट लागत नाही. रात्री अकरानंतर कँटीन बंद, चहाची टपरी रस्त्यापलीकडे. एवढ्यावर हा विषय सोडते.

नातेवाइकांशी बोलणे हा भाग कुठल्याही पुस्तकात पुरेसा नाही, आणि या विभागात तो ठरवून शिकवलाही जात नाही. ज्याच्या नशिबात चांगला रेसिडेंट येतो तो शिकतो. माझ्या नशिबात आला. एका तरुणाचा मृत्यू घोषित केल्यावर हे सर त्याच्या वडिलांना आणि काकांना लाल विभागाच्या दारात गाठून काहीच बोलले नाहीत. आधी शेजारची खोली मोकळी करून घेतली, दोघांना बसवले, स्वतः बसले, मला बसायला सांगितले, मोबाइल बंद करून टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, ‘काका, मी वाईट बातमी सांगतोय. तुमचा मुलगा गेला.’ त्यापुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ‘आम्ही खूप प्रयत्न केले’, ‘परिस्थिती फार गंभीर आहे’ अशा वाक्यांनी आशेला जागा ठेवून माणसाला ताटकळत ठेवायचे नाही, आणि ‘गेला’ हा शब्द उच्चारायचा टाळायचा नाही, हे त्यांनी मला नंतर जिन्यात समजावून सांगितले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धच्या राज्याच्या २०१० च्या कायद्याचा फलक विभागाच्या भिंतीवर लावलेला आहे आणि तो हवाच. पण त्या खोलीतल्या चार खुर्च्यांनी जेवढे हल्ले टळले असतील तेवढे कोणत्याही फलकाने टळले नसतील, अशी माझी खात्री आहे. असे बोलणे प्रत्येक इंटर्नने एकदा तरी पाहावे, म्हणून ते वेळापत्रकात असले पाहिजे.

एमएलसीच्या बाबतीत विभाग चोख आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट सांगितले, की जखमी माणसाला आधी उपचार मिळाले पाहिजेत, कागद आणि पोलीस नंतर. आणि इथे तसेच होते. जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहिणे, अंगठ्याचे ठसे घेणे, ओळखीच्या दोन खुणा नोंदवणे, पोलिसांना सूचना पाठवून तिची पोच घेणे हे फॉरेन्सिकच्या वर्गात जितके रुक्ष वाटले तितके इथे वाटत नाही, कारण हा कागद उद्या न्यायालयात वाचला जाणार आहे हे लिहिताना दिसत असते.

आमच्या आधीच्या बॅचच्या वाट्याला जानेवारी २०२५ चा गिया-बारे सिंड्रोमचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करून स्नायू लुळे पाडते त्या आजाराचा, उद्रेक आला. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांतून पाय लटपटतात, जिना चढवत नाही असे सांगत माणसे येऊ लागली. आधी जुलाब होऊन गेलेले असत, आणि अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्या बॅचच्या एका सीनिअरने मला सांगितलेली गोष्ट मी आता प्रत्येक अशक्त रुग्णाला लावते. अशा आजारात श्वासाचे स्नायू थकत असले तरी बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजन शेवटपर्यंत चांगला दिसतो, म्हणून त्यावर विसंबायचे नाही; रुग्णाला एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे आणि उशीवरून मान उचलता येते का ते पाहायचे. सकाळी पंचविसापर्यंत मोजणारा माणूस दुपारी बारावर थांबला, तर आयसीयूला तेव्हाच कळवायचे. याला यंत्र लागत नाही, खर्च येत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयातही हे करता येते.

एक सूचना विभागाला आणि महाविद्यालयाला मिळून करते. राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या. आणि तिचे नियंत्रण कक्ष याच शहरात, औंधला आहे. असे असताना पुण्यातल्या इंटर्नने एकही दिवस त्या कक्षात किंवा गाडीत घालवू नये, हे मला पटत नाही. रुग्ण आमच्या दारात उतरण्याआधी तासभर कुठे होता, कोणत्या दोन रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून पुढे पाठवले, वाटेत ऑक्सिजन किती उरला होता, हे कळल्याशिवाय आपण लिहिलेल्या ‘रेफर’ या शब्दाचे वजन कळत नाही. पोस्टिंगमधला एक दिवस तिकडे द्यावा.

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा करायची असते आणि तिथे रात्री दोन वाजता दार वाजते तेव्हा फोन लावायला कुणी वरिष्ठ जवळ नसतो. त्यांनी हा विभाग ऐच्छिक म्हणून घ्यावाच. ज्यांनी रेडिओलॉजी किंवा त्वचारोग आधीच मनात ठरवले आहे, त्यांना सक्तीचे दोन आठवडे पुरतील, मात्र ते मन लावून करावेत. नीट-पीजीच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून कुणी हा विभाग घेत असेल, तर घेऊ नये. पाळी आठ तासांची असली तरी संपल्यावर वाचवत नाही. मेडिसिन आणि भूलशास्त्र या दोन्ही पोस्टिंग झाल्यावरच अर्ज करावा, म्हणजे हृदयाचा ईसीजी आणि श्वासमार्ग यांची किमान ओळख झालेली असते आणि शिक्षकांचा वेळ मूळ गोष्टींत जात नाही.

अर्ज करताना रात्रपाळी मागून घ्या. दिवसा कन्सल्टंट जास्त असतात हे खरे, पण प्रत्येक खाटेभोवती विद्यार्थ्यांचीही गर्दी असते. रात्री खाटेशी एक रेसिडेंट, एक इंटर्न आणि रुग्ण एवढेच उरतात आणि ‘आधी तू बघ’ हे वाक्य तेव्हाच सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. रात्रपाळीच्या जागा पाळीला दोनच असतात आणि यादी विभागाच्या कार्यालयात आधीच्या महिन्याच्या अखेरीस लागते, म्हणून त्याआधीच तिथल्या लिपिकांकडे नाव देऊन ठेवा. सोबत स्वतःचा स्टेथोस्कोप, टॉर्च, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि नोंदणी क्रमांक लिहायला एक लहान वही असू द्या. बाकीचे सगळे विभागात मिळते.